जेड कोणते, हे खोड सांगते

गेल्या अंकात गच्चीवरच्या कमी पाण्याच्या झाडांविषयी लिहिताना जेडचा उल्लेख ओझरता आला होता. त्यावर आलेली पत्रे वाचताना लक्षात आले की, इंदुरात घरोघरी ‘जेड’ या एकाच नावाखाली निदान दोन वेगवेगळ्या कुळांतली झाडे वाढत आहेत आणि एकासाठी दिलेला सल्ला दुसऱ्यावर अमलात आणल्यामुळे दोन्ही झाडांचे हाल होत आहेत. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे जेडच्या प्रकारांना आणि त्यांच्या ओळखीला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून, पत्रलेखकांची नावे न छापता केवळ त्यांच्या वस्तीचे नाव दिले आहे.

प्रश्न (सुदामानगर, इंदूर) : मी एकाच नर्सरीतून दोन जेड आणले. एकाची पाने मोठी, जाड आणि चकचकीत आहेत. दुसऱ्याची पाने नखाएवढी व गोलसर असून फांद्या तांबूस आहेत. नर्सरीवाल्यांनी ‘बड़ी पत्ती’ आणि ‘छोटी पत्ती’ असे सांगून दोन्ही एकच झाड असल्याची खात्री दिली. यांतले खरे जेड कोणते?

उत्तर : ही दोन झाडे एका जातीची नाहीत आणि एका कुळातलीही नाहीत. मोठ्या पानांचे झाड म्हणजे क्रासुला ओव्हाटा. त्याचे कूळ क्रासुलेसी, म्हणजे आपल्या परसातल्या पानफुटीचे. छोट्या पानांचे झाड म्हणजे पोर्टुलाकारिया आफ्रा, ज्याला दक्षिण आफ्रिकेत स्पेकबूम म्हणतात. आपण जिची भाजी करतो त्या घोळीच्या कुळात त्याची गणना पूर्वी होत असे. अलीकडच्या वर्गीकरणात ते डिडिएरेसी या लहानशा कुळात गेले आहे, आणि त्या कुळातली बरीचशी झाडे मादागास्करच्या कोरड्या, काटेरी रानात वाढतात. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात क्रासुला आणि स्पेकबूम ही दोन्ही झाडे नैसर्गिकरीत्या उगवतात. पाऊस बेभरवशाचा असलेल्या त्या मुलखात तग धरण्यासाठी दोघांनीही पानांत पाणी साठवण्याचा एकच मार्ग पत्करला, म्हणून नाते नसताना त्यांचे रूप एकमेकांजवळ आले.

बागकामाच्या पुस्तकांत नुसते ‘जेड’ म्हटले, तर बहुधा क्रासुला ओव्हाटाच अभिप्रेत असते. आपल्याकडे मात्र नर्सरीत जेड मागितले की बहुतेक वेळा छोट्या पानांचे पोर्टुलाकारिया हातात पडते आणि मोठ्या पानांचे हवे असल्यास ‘क्रासुला’ असे नाव घेऊन मागावे लागते. वापरात रूढ झालेले नाव चुकीचे ठरवण्यात मला अर्थ वाटत नाही. आपल्या कुंडीत कोणते झाड आहे, हे मात्र आपल्याला पक्के ठाऊक असले पाहिजे, कारण पाणी, ऊन, छाटणी आणि घरातल्या जनावरांची सुरक्षितता हे सगळे त्यावर अवलंबून आहे.

आता ओळखीविषयी. क्रासुलाचे पान साधारण 3 ते 9 सेंटिमीटर लांब असते आणि पोर्टुलाकारियाचे बहुधा 1 ते 2 सेंटिमीटर, हे खरे. पण केवळ पानाच्या आकारावर विसंबू नये. क्रासुलाच्या बुटक्या वाणांची पाने लहानच असतात आणि पोर्टुलाकारियाच्या ‘मॅक्रोफिला’ या वाणाची पाने बरीच मोठी होतात. दोन्ही झाडांची पाने फांदीवर समोरासमोर जोडीने येतात, त्यामुळे पानांच्या मांडणीवरूनही निवाडा होत नाही. तो खोडावरून होतो. क्रासुलाची कोवळी फांदी हिरवी, जाड आणि रसरशीत असते, जून झाल्यावर राखाडी-तपकिरी होते, आणि जिथून पाने गळली तिथे तिच्याभोवती आडवी कडी उमटलेली स्पष्ट दिसतात. दाबून वाकवली तर ती काकडीसारखी कटकन मोडते. पोर्टुलाकारियाची कोवळी फांदीच मुळी तांबडी किंवा तांबूस-तपकिरी असते, बारीक असते, तिची दोन पानांच्या जोड्यांमधली पेरे फांदीच्या जाडीच्या मानाने लांब असतात, आणि ती लवकर लाकडासारखी टणक होऊन बाहेरच्या बाजूला झुकत वाढते. ही खूण झाड सावलीत असो वा उन्हात, फारशी बदलत नाही.

आणखी एक फरक रोपे करताना कळतो. क्रासुलाचे एखादे निरोगी पान कोरडसर मातीवर ठेवून दिले, तरी काही आठवड्यांत त्याच्या देठाकडून मुळे आणि पुढे कोंब फुटतो. पोर्टुलाकारियाच्या पानावर मात्र भरवसा ठेवू नये. त्याची बोटभर लांबीची फांदीच लावावी.

प्रश्न (रामबाग, इंदूर) : शेजारच्या गच्चीवरच्या जेडच्या पानांना सुंदर लाल कडा आहेत. त्याचीच फांदी आणून मी बैठकीच्या खोलीत लावली, तर नवी पाने साधी हिरवी आली. लाल जेड हा वेगळा प्रकार असतो का?

उत्तर : आपण वर्णन केलेली लाल कड हा प्रकार नसून परिस्थितीचा परिणाम आहे. क्रासुला ओव्हाटाला भरपूर ऊन, थंड रात्री आणि बेताचे पाणी मिळाले की पानांच्या कडांत लाल रंगद्रव्य साठते. खोलीतल्या मंद उजेडात ते बनत नाही. म्हणूनच आपल्या माळव्यात डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरचे जेड सर्वांत रंगीत दिसते आणि तेच झाड पावसाळ्यात हिरवेगार असते. हिवाळ्यात विकत घेतलेल्या झाडाचा रंग पाहून त्याला ‘रेड जेड’ म्हणून जादा किंमत देण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

रंगाच्या बाबतीतही दोन कुळांत एक मूलभूत भेद आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. क्रासुलाच्या कडांचा लाल रंग अँथोसायनिन या गटातल्या द्रव्यांमुळे येतो, जी जांभळात आणि लाल गुलाबातही असतात. पोर्टुलाकारियाच्या तांबड्या फांदीतला रंग बीटालेन गटाचा असतो. बीट, लाल माठ, बोगनवेल आणि निवडुंगाची रंगीत फळे त्याच रंगाने रंगतात. सामान्यतः एका वनस्पतीत हे दोन्ही गट एकत्र आढळत नाहीत. म्हणजे जे तांबडेपण पाहून आपण या दोन झाडांना एक समजतो, ते मुळातच वेगवेगळ्या द्रव्यांनी घडलेले आहे.

रंगासाठी मुद्दाम निवडलेला क्रासुलाचा वाण हवा असेल, तर ‘हमेल्स सनसेट’ शोधावा. त्याची पाने पिवळसर सोनेरी आणि कडा लाल असतात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला आपले ‘अवॉर्ड ऑफ गार्डन मेरिट’ दिले आहे. पण तोही सावलीत ठेवला, तर हिरवा पडतो.

प्रश्न (लोकमान्यनगर, इंदूर) : ऑनलाइन मागवलेल्या रोपावर ‘गोलम’ अशी चिठ्ठी होती. आमच्या वहिनींकडे तसेच दिसणारे रोप ‘हॉबिट’ नावाने आहे. दोन्हींत फरक काय, आणि ती खरोखर जेडच आहेत का?

उत्तर : दोन्ही क्रासुला ओव्हाटाचेच वाण आहेत, खोड पाहिले तर तेच जाड, तीच आडवी कडी. बदलला आहे तो पानाचा आकार. ‘गोलम’मध्ये पानाच्या दोन्ही कडा पूर्ण जुळून पान बोटासारखे लांबट नळकांडे होते आणि टोकाशी एक लहानशी खोलगट वाटी राहते, जिची कड उन्हात लालसर होते. ‘हॉबिट’मध्ये हे जुळणे अर्धवट राहते: पान मागच्या बाजूला दुमडलेले, पण उघडे दिसते आणि टोकाकडे पसरट होत जाते. झाडावरचे एखादेच पान पाहून नाव ठरवू नये, कारण एकाच फांदीवर दोन्हींकडे झुकणारी पाने सापडतात. मधल्या वयाच्या फांद्यांवरची बहुसंख्य पाने कशी आहेत, ते पाहावे. नर्सऱ्यांत या दोन नावांची अदलाबदल सर्रास होते आणि देखभाल दोन्हींची अगदी सारखी असल्यामुळे त्याने झाडाचे काही बिघडत नाही. आपल्याकडे काही विक्रेते ‘गोलम’ला ‘फिंगर जेड’ किंवा ‘ट्रम्पेट जेड’ म्हणून देतात.

या वाणांवर कधीकधी एखादी फांदी अचानक साधी, चपटी पाने घेऊन येते. झाड आपल्या मूळ रूपाकडे परतत असल्याची ती खूण आहे. ती फांदी बुडापासून काढून वेगळी लावावी; ठेवली तर तीच जोमाने वाढून मूळ वाणाला झाकून टाकते.

प्रश्न (स्नेहलतागंज, इंदूर) : पांढऱ्या-हिरव्या रंगाचे जेड किती प्रकारचे असते? माझ्याकडच्या दोन कुंड्यांपैकी एकात पांढरा रंग कडेला आहे आणि दुसरीत मधोमध.

उत्तर : फांद्या तांबड्या आणि पाने छोटी असल्याचे आपण पत्रात पुढे लिहिले आहे, त्यावरून दोन्ही पोर्टुलाकारियाच आहेत. कडेला साईच्या रंगाची पट्टी आणि मध्ये हिरवा भाग असेल तर तो ‘व्हेरिगाटा’ वाण. मध्ये फिकट रंग, कडेला हिरवा आणि फांदी ठळक गुलाबी-लाल असेल तर ‘मेडिओ-पिक्टा’. दुसरा सहसा उभा न वाढता पसरत जातो, म्हणून टांगत्या कुंडीत तो अधिक शोभतो. याशिवाय ‘ऑरिया’ नावाचा वाण आहे, ज्याची उन्हातली कोवळी पाने पिवळी असतात आणि जून झाली की हिरवट होतात. पसरट वाढणारा, एकरंगी हिरवा वाण ‘प्रोस्ट्राटा’ म्हणून ओळखला जातो.

क्रासुला ओव्हाटातही दुरंगी वाण आहेत. त्यांतला ‘ट्रायकलर’ विशेष प्रसिद्ध असून त्याच्या पानावर हिरव्या रंगात साईच्या रंगाचे अनियमित पट्टे आणि त्यावर गुलाबी छटा असते. पट्टे प्रत्येक पानावर निराळे पडतात, आणि मला हाच वाण सर्वांत देखणा वाटतो.

पानाच्या फिकट भागात हरितद्रव्य नसल्यामुळे तो भाग अन्न तयार करत नाही. त्यामुळे दुरंगी झाडे सावकाश वाढतात, मे महिन्याच्या दुपारच्या उन्हात लवकर भाजतात, आणि त्यांच्यावर संपूर्ण हिरवी फांदी फुटली, तर ती इतर फांद्यांना मागे टाकते. अशी फांदी दिसताच काढावी. दुरंगी क्रासुलाची रोपे पानापासून करू नयेत, कारण पानापासून येणारे रोप बहुधा दुरंगी राहत नाही. फांदी लावावी, आणि तीही दोन्ही रंग चांगले दिसत असलेली निवडावी.

प्रश्न (तुकोगंज, इंदूर) : चंदेरी पानांचे जेड म्हणून एक झाड पाहिले. ते रंगवलेले तर नसेल?

उत्तर : रंगवलेले नसावे. क्रासुला आर्बोरेसेन्स ही जेडची वेगळी, स्वतंत्र जाती आहे. तिची पाने जवळपास गोल, निळसर-राखाडी, लाल कडांची आणि वर बारीक लाल ठिपके असलेली असतात. पानावर मेणासारख्या पावडरीचा पातळ थर असतो, तोच चंदेरी दिसतो. बोट लावले की तो पुसला जातो आणि त्या पानावर परत येत नाही, म्हणून या झाडाची पाने कधीही पुसू नयेत. हिचीच एक उपजाती उंड्युलाटिफोलिया असून तिच्या अरुंद पानांच्या कडा लाटांसारख्या वळलेल्या असतात. ‘रिपल जेड’ या नावाने विकली जाते ती हीच.

प्रश्न (तिलकनगर, इंदूर) : आमच्या मांजरीने जेडची पाने चावली. दुसरीकडे इंटरनेटवर जेडची पाने कोशिंबिरीत घालण्याचे व्हिडिओ दिसतात. हे झाड विषारी आहे की खाण्याजोगे?

उत्तर : दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत, फक्त ती दोन वेगळ्या झाडांविषयीची आहेत, आणि या सदरातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. क्रासुला ओव्हाटा मांजर आणि कुत्र्यांना बाधते: उलट्या होतात, प्राणी मलूल पडतो, चालताना तोल जातो. मांजरीने मोठ्या पानांचे जेड खाल्ले असेल, तर पशुवैद्याला दाखवावे आणि जाताना झाडाची एक फांदी बरोबर न्यावी. पोर्टुलाकारियाची पाने मात्र दक्षिण आफ्रिकेत हत्ती, काळे गेंडे आणि कुडू जातीची हरणे आवडीने खातात, आणि तिथली माणसेही ती आंबट चवीसाठी खातात. तरीही नर्सरीतून आणलेल्या झाडावर कीटकनाशक मारलेले असण्याचा संभव मोठा असल्याने त्याची पाने तोंडात घालू नयेत. आणि झाड कोणते आहे हे ठरवण्यासाठी पान चाखून पाहण्याचा मार्ग तर कुणीही पत्करू नये. ओळख खोडावरूनच पटवावी.

त्या आंबटपणामागची कारणमीमांसा सांगण्याजोगी आहे, आणि तिचा पहिला धागा आपल्याच देशात सापडतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत दक्षिण भारतात काम करणारे वनस्पतिज्ञ बेंजामिन हाईन यांच्या ध्यानात आले की, पानफुटीचे पान पहाटे चांगलेच आंबट लागते, दुपारपर्यंत बेचव होते आणि संध्याकाळी किंचित कडवट. हे निरीक्षण त्यांनी 1813 मध्ये पत्राने कळवले आणि 1815 मध्ये ते लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्राच्या संस्थेच्या नियतकालिकात छापले गेले. बऱ्याच पुढे त्याचा उलगडा झाला: ही झाडे दिवसाच्या उन्हात पाण्याची वाफ होऊ नये म्हणून पानांची रंध्रे, म्हणजे श्वसनाची सूक्ष्म छिद्रे, मिटून ठेवतात, रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा तेच आम्ल वापरून अन्न तयार करतात. क्रासुलाच्या कुळावरूनच शास्त्रात या पद्धतीला नाव पडले. पोर्टुलाकारिया तर परिस्थिती पाहून दोन्ही पद्धती वापरते: पाणी मुबलक असले की इतर झाडांप्रमाणे दिवसा रंध्रे उघडते आणि टंचाई झाली की रात्रीच्या पद्धतीकडे वळते. भरपूर पाणी दिले तरी ती पटकन दगावत नाही आणि विसरले तरी तगून राहते, यामागे तिची ही लवचीकता आहे.

याच संदर्भात काही वाचकांनी जेड रात्री घरातली हवा शुद्ध करते का, असे विचारले आहे. रात्री ते कार्बन डायऑक्साइड घेते हे खरे, पण एका कुंडीतल्या झाडाचे प्रमाण इतके अल्प असते की खोलीच्या हवेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

प्रश्न (अन्नपूर्णा रोड, इंदूर) : जेडच्या पानांवर बारीक पांढरे ठिपके आले आहेत. हा वाणाचा गुण आहे की रोग?

उत्तर : बहुधा दोन्ही नाही. क्रासुलाच्या पानांवर पाणी बाहेर टाकणारी सूक्ष्म छिद्रे असतात. मुळांनी शोषलेले जादा पाणी त्यांतून पाझरते, वाळते आणि त्यातले क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतात. आपल्याकडे बोरिंगच्या पाण्यात क्षार जास्त असल्यामुळे हे ठिपके विशेष दिसतात. ओल्या फडक्याने ते निघतात, आणि पावसाचे किंवा नर्मदेचे पाणी दिले तर कमी होतात. पण पांढरा पदार्थ पानाच्या बेचक्यात, कापसाच्या बोळ्यासारखा चिकटलेला असेल, तर तो पिठ्या ढेकूण आहे. तो काडीला लावलेल्या ओल्या कापसाने टिपून काढावा आणि संध्याकाळी कडुनिंबाचे तेल पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून फवारावे. चंदेरी जेडवर हा फवारा मारू नये, त्याने पानावरचा थर जातो.

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर) : माहेराहून, म्हणजे इंदूरहून नेलेले जेड जानेवारीत काळे पडले. इंदुरात असे कधी झाले नव्हते.

उत्तर : ग्वाल्हेरची थंडी इंदूरपेक्षा कडक असते. पानांत साठलेले पाणी गोठू लागले की पेशी फुटतात आणि पान काळे पडून मऊ होते. पारा 5 अंशांच्या आसपास उतरण्याची चिन्हे दिसताच झाड रात्री आत घ्यावे आणि त्या दिवसांत पाणी जवळजवळ बंद ठेवावे. काळा भाग लगेच कापू नये. फेब्रुवारीत खालचे खोड टणक राहिले असेल, तर तिथून नवे कोंब येतात.

प्रश्न (परदेशीपुरा, इंदूर) : जेडला फुले येतात असे वाचले. आमच्या जुन्या झाडाला कधीच आली नाहीत. जातीत काही उणीव असेल का?

उत्तर : उणीव नाही. क्रासुला ओव्हाटाला हिवाळ्यात पाच पाकळ्यांची, पांढरी किंवा फिकट गुलाबी, चांदणीच्या आकाराची फुले झुबक्यांनी येतात. पण त्यासाठी झाड बऱ्याच वर्षांचे व्हावे लागते आणि त्याला लांब, थंड व अंधाऱ्या रात्री मिळाव्या लागतात. ज्या गॅलरीत रात्री दहापर्यंत दिवा जळतो, तिथे झाडाला रात्र लहान झाल्याचे भासते. ऑक्टोबरपासून झाड दिव्यापासून दूर, मोकळ्या हवेत ठेवून पाणी कमी करावे. ‘गोलम’ आणि ‘हॉबिट’ यांनाही तशीच फुले येतात, आणि ती पाहिली की ते क्रासुला ओव्हाटाच असल्याबद्दल शंका उरत नाही. पोर्टुलाकारियाची फुले अतिशय बारीक, गुलाबी आणि फांदीच्या टोकाशी असतात. कुंडीत ती क्वचितच दिसतात.

प्रश्न (वल्लभनगर, इंदूर) : ऑफिसात ‘जेड’ म्हणून दिलेल्या झाडाची पाने जाड आहेत, पण ती समोरासमोर नाहीत.

उत्तर : मग ते जेड नाही. बहुधा ती पेपेरोमिया ऑब्टुसिफोलिया असावी, जी मिरी आणि विड्याच्या पानाच्या कुळातली आहे. तिची पाने एकाआड एक येतात आणि फुले उंदराच्या शेपटीसारख्या बारीक, हिरवट तुऱ्यावर असतात. तिला ऊन नको आणि पाणी जेडपेक्षा नियमित हवे.

प्रश्न (विजयनगर, इंदूर) : दर पावसाळ्यात मोठ्या पानांचे जेड बुडाशी कुजते, छोट्या पानांचे मात्र तरते. असे का?

उत्तर : आपण बागेतली काळी माती वापरली असल्याचे लिहिले आहे, आणि कारण तिथेच आहे. माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, कापसाला आणि गव्हाला ते मानवते. कुंडीत मात्र जुलै-ऑगस्टमध्ये ती दिवसेंदिवस ओली राहते. क्रासुलाचे खोड स्वतःच पाण्याने भरलेले असल्यामुळे मातीलगतचा भाग मऊ पडून कूज वर चढते. पोर्टुलाकारियाचे खोड लवकर लाकडी होते; ओल जास्त झाली की ती पाने गाळते, पण खोड शाबूत ठेवून पुन्हा फुटते. दोन्हींसाठी एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि दोन भाग भरड वाळू, बारीक गिट्टी किंवा विटांचे तुकडे असे मिश्रण करावे, कुंडी मातीची घ्यावी आणि क्रासुला पावसाळाभर छपराखाली ठेवावे. कूज लागलेच, तर निरोगी भाग येईपर्यंत कापत वर जावे, कापलेले टोक सावलीत काही दिवस पूर्ण सुकू द्यावे आणि मगच कोरड्या मिश्रणात लावावे. उन्हाळ्यात क्रासुलाला सकाळचे ऊन पुरे. दुपारी फरशी तापली की कुंडीतली मुळे भाजतात. पोर्टुलाकारिया दिवसभराचे ऊन सोसते.

प्रश्न (राजेंद्रनगर, इंदूर) : बोन्सायसाठी कोणते जेड घ्यावे?

उत्तर : दोन्हींचे बोन्साय होते, पण माझी पसंती निःसंशय पोर्टुलाकारियाला आहे. तिची पाने मुळातच लहान असल्यामुळे लहान कुंडीतही झाड मोठ्या वृक्षाच्या प्रमाणात दिसते, खोड लवकर जाड होते आणि छाटणी ती विलक्षण सहजपणे सोसते. हा गुण तिच्या मूळ रानातून आला आहे. तिथे हत्ती तिचा शेंडा ओरबाडून खातात. खाली झुकलेल्या फांद्या जमिनीला टेकून मुळे धरतात आणि झुडूप पसरत जाते. शेळ्या मात्र खालूनच खातात, त्यामुळे त्या फांद्या उरत नाहीत आणि झुडूप मरते. ईस्टर्न केपमधले मोठे रान अशा चराईने उजाड झाले आहे. बोन्साय करताना म्हणून शेंड्याकडे कठोर छाटणी करावी आणि बुडाकडच्या फांद्या सांभाळाव्यात. खडबडीत, भेगाळलेल्या सालीचा ‘कॉर्क बार्क’ हा वाण मिळाला, तर लहान वयातच खोडाला जुनेपणा येतो. फांद्यांना तार गुंडाळण्याचा मोह टाळलेला बरा, कारण साल मऊ असल्याने तार लवकर रुतते. दिशा बदलायची असेल तिथे त्या दिशेला पाहणाऱ्या पानांच्या जोडीवर छाटावे, नवी फांदी तिकडेच जाते. मुळांची छाटणी आणि कुंडी बदलणे फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला करावे, आणि त्यानंतर कापलेली मुळे सुकेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, पाणी देऊ नये.